वाटीतलं मीठ तुझं आहे, हे आईला आज रात्रीच सांग

पत्र: ताई, मी एकोणीस वर्षांची आहे, कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. वर्षभरापासून मला विक्का नावाच्या पाश्चात्त्य उपासनापंथाची ओढ लागली आहे. मोबाईलवर बघून मी एक वही केली. काळी मेणबत्ती, वाटीत खडेमीठ आणि एक दोरा असं कपाटामागं ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात आईला ते सापडलं. तिला वाटतंय घरात कुणीतरी करणी केली. जागेवरून चुलत्यांशी आमचं बोलणं बंद आहे, त्यामुळं तिचा सगळा संशय काकूवर आहे. आजीनं देवऋषीला विचारायचं ठरवलंय. वही माझ्या बॅगेत होती म्हणून तिला सापडली नाही, आणि मी भीतीनं गप्प आहे. ताई, विक्का म्हणजे खरंच चेटूक का? ते हजारो वर्षांचं जुनं आहे म्हणतात, ते खरं का? ऑनलाईन एक बाई अकरा हजारांत दीक्षा देते म्हणते, घ्यावी का? आणि अंबाबाईला मानणाऱ्या घरात हे चालतं का? (नाव देऊ नये.)

बाळ, आज माझं एवढं पहिलं वाचून झालं की मोबाईल ठेव आणि आईजवळ जाऊन बस. विक्काचं सगळं सांगते, पण ते तू उद्या वाचलंस तरी चालेल. काकूवरचा संशय मात्र आज रात्रीच उतरला पाहिजे. आजी देवऋषीकडं गेली आणि तो नुसतं "घरातल्याच बाईचं काम आहे" एवढं म्हणाला, की मग तू खरं सांगूनही कुणाला पटायचं नाही. पोरगी काकूला पाठीशी घालते, असं म्हणतील.

फार शब्द लागत नाहीत. "आई, ती वाटी मी ठेवली होती. मीठ आपल्या डब्यातलं, दोरा तुझ्या शिवणाच्या डब्यातला, मेणबत्ती मी विकत आणली. काकूंचा यात काही संबंध नाही." वही तिच्यापुढं ठेव आणि दोन पानं मराठीत वाचून दाखव. आई चिडेल, रडेल, कदाचित तुलाच कुणीतरी नादाला लावलंय म्हणेल. म्हणू दे, त्या वेळी विक्काची बाजू मांडत बसू नकोस. ती शांत झाली की एकच गोष्ट मागून घे: आजीला तिनंच सांगायचं, आणि ते देवऋषीकडं जायच्या आधी.

एवढी घाई का करते ते ऐक. माझं आजोळ भोगावतीच्या काठावरचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन, शेजारच्यांची दुभती म्हैस एकाएकी आटली. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची. त्या दिवशी सकाळी ती गोठ्यापाशी थांबून म्हशीकडं बघत होती, एवढंच निमित्त झालं. संध्याकाळपर्यंत चेटकीण म्हणून तिचं नाव झालं. कुणी तिच्यावर हात टाकला नाही, तोंडावर शिवी दिली नाही. तिच्याकडनं ताक घ्यायचं बंद झालं. बारशाला, जेवणावळीला बोलावणं बंद झालं. आम्हा पोरांना तिच्या दारावरनं जायला बंदी झाली. पुढं जनावरांचे डॉक्टर आले, कासेला दगडी झालीय म्हणाले, औषधानं म्हैस सुधारली. म्हातारीचं नाव मात्र ती जाईपर्यंत सुधारलं नाही. तिचं दार आलं की मीही धावत सुटायची. ते धावणं मला अजून आठवतं आणि वाईट वाटतं.

आपल्याकडं यावर कायदा आहे, हे तुझ्या घरच्यांनाही कळू दे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच सरकारनं वटहुकूम काढला आणि वर्ष संपायच्या आत जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय की अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवतो, असं जाहीर करून किंवा तसा समज पसरवून त्याचं जगणं अवघड करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. दूध आटवण्याचा उल्लेख मी त्या अनुसूचीत पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्यासमोर ती म्हातारीच उभी राहिली. आईला कायद्याचा धाक घाल असं मी म्हणत नाही. पण काकूचं नाव गल्लीत गेलं, तर गोष्ट घरातल्या भांडणापुरती राहणार नाही, एवढं तिच्या ध्यानात आणून दे.

आता तुझा पहिला प्रश्न, विक्का म्हणजे चेटूक का. तू मोबाईलवर जो "विच" शब्द वाचतेस त्याला मराठीत चेटकीण म्हणतात आणि तिथंच घोळ होतो. चेटकीण हे नाव आपल्याकडं कुणी स्वतः घेत नाही, ते दुसरे ठेवतात आणि ज्या बाईला ठेवतात तिचं वाटोळं होतं. विक्का मानणारे लोक तेच नाव आपणहून घेतात, अभिमानानं घेतात, एका धर्माचे उपासक म्हणून घेतात. दोन्हीकडं शब्द एकच, पण एकीकडं तो आरोप आहे आणि दुसरीकडं ओळख. तुझ्या कपाटामागं ओळख होती, आईला सापडला तो आरोप.

युरोपातही तो शब्द आधी आरोपच होता. पंधराव्या ते अठराव्या शतकात तिथं ४० ते ६० हजार माणसांना चेटूक केल्याच्या आरोपावरून ठार मारलं, त्यांत बहुतेक बायका. आरोपही आपल्या ओळखीचे: गाईचं दूध गेलं, लोणी निघेना, पोर आजारी पडलं, पीक बुडालं. आणि आरोप करणारे बहुधा शेजारी, ज्यांच्याशी आधीपासून काही ना काही कुरबूर होती. अमेरिकेत सेलमला १६९२ साली १९ जणांना फाशी दिलं आणि एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. तुला ऑनलाईन नव्वद लाख हा आकडा दिसेल, तो खोटा आहे. "त्या सगळ्या विक्काच्या गुप्त उपासक होत्या" हेही खरं नाही. ती साधी खेड्यातली ख्रिस्ती माणसं होती, तुझ्या काकूसारखी, त्या म्हातारीसारखी.

मग विक्का कुठून आलं? मार्गारेट मरे नावाच्या विदुषींनी १९२१ साली असं मांडलं की, ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं ते लोक ख्रिस्तपूर्व काळापासून टिकलेल्या एका धर्माचे होते. इतिहासकारांनी पुढं ती मांडणी पुराव्यानिशी खोडून काढली, पण तोवर ती लोकांच्या मनात रुजली होती. जेराल्ड गार्डनर हा इंग्रज गृहस्थ (जन्म १८८४, मृत्यू १९६४) त्यांपैकीच. त्याची उमेदीची वर्षं सिलोनच्या चहामळ्यांत आणि मलायात कस्टम खात्यात गेली. निवृत्त होऊन १९३६ साली तो इंग्लंडला परतला. १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागात अशा जुन्या धर्माच्या एका मंडळानं आपल्याला दीक्षा दिली, असं त्यानं सांगितलं. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा इंग्लंडनं १९५१ साली रद्द केला आणि १९५४ साली गार्डनरनं या विषयावर पुस्तक छापून सगळं उघड केलं. त्याच्या उपासनेतले शब्द मात्र बरेचसे डोरीन व्हॅलिएंट या बाईंचे आहेत. १९५३ साली त्यांनी दीक्षा घेतली, गार्डनरची विस्कळीत वही हाती घेतली, दुसऱ्यांकडून उचललेले भाग काढून टाकले आणि स्वतःच्या सुंदर काव्यमय भाषेत ती नव्यानं लिहिली. विक्काबद्दल वाचताना तुला जिथं जिथं अंगावर काटा आला असेल, तिथं बऱ्याचदा या बाईंची लेखणी असते.

म्हणजे विक्का हजारो वर्षांचं नाही. ते साधारण तुझ्या आजीच्या वयाचं आहे. त्यात जुने धागे आहेत: युरोपातल्या लोकांचे ऋतूंचे सण, मध्ययुगातली मंत्रविद्या, गुप्त मंडळांचे विधी. पण वीण विसाव्या शतकातली. यानं नाराज होऊ नकोस. नव्या धर्माला मन लावून मानणारी माणसं खोटी ठरत नाहीत. अमेरिकेत एका अपील कोर्टानं १९८६ साली विक्काला धर्म म्हणून मान्यता दिली. २००७ पासून तिथल्या सैनिकांच्या सरकारी थडग्यावर वर्तुळातली पंचकोनी चांदणी कोरता येते. या चांदणीचे चार कोन पृथ्वी, आप, तेज, वायूचे आणि पाचवा चैतन्याचा, असं ते मानतात. सैतानाशी तिचा संबंध नाही. सैतान ख्रिस्ती कल्पनेतला, विक्कात तो नाहीच.

विक्कात देवी आणि देव अशी जोडी असते. देवी चंद्राशी जोडलेली, कुमारी, माता आणि वृद्धा अशा तिच्या तीन अवस्था. देव रानाचा, शिंगं असलेला, सूर्याबरोबर जन्मणारा आणि मावळणारा. उपासक पौर्णिमेला जमतात किंवा एकटेच बसतात. आधी जमिनीवर मनानं एक वर्तुळ आखतात. मग पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी अशी चार दिशांना हाक देतात. विधी झाला की खाणं-पिणं वाटून घेतात आणि वर्तुळ सोडतात. काळ्या मुठीची एक सुरी असते, अथामे म्हणतात तिला. तिनं काही कापायचं नसतं, ती फक्त दिशा दाखवायला. प्राण्यांचा बळी नाही. नीतीचा मुख्य नियम एका ओळीचा: कुणाला इजा होत नसेल तर तुझ्या मनासारखं कर. पुष्कळजण असंही मानतात की आपण जे पाठवू ते तिप्पट होऊन परत येतं.

हा नियम मनावर घेतलास, तर सुरुवातीलाच एक गोष्ट बाद होते: दुसऱ्या माणसावर विधी. अमक्यानं माझ्यावर प्रेम करावं, तमकीचं तोंड बंद व्हावं, असले दोरे-मेणबत्त्यांचे प्रकार मोबाईलवर ढिगानं मिळतात. दुसऱ्याच्या मर्जीवर हात टाकणं विक्कातल्या जाणत्या लोकांनाही मान्य नाही. तुझा दोरा कशासाठी होता ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. पण तो कुणाच्या नावानं बांधला असशील तर सोडून टाक. मेणबत्तीनं पेपर सोपा जातो किंवा ताप उतरतो असं मी मानत नाही. शांत बसून, दिवा लावून, मनातलं शब्दांत मांडल्यानं माणूस सावरतो, हे मात्र मी अनुभवलंय. आजारपण असेल तर दवाखाना, मन फार खचलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. तिथं विधीनं भागवायचं नाही.

सुरुवात कशी करायची? काही विकत न घेता. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत रोज चंद्र बघ. गच्चीवरनं बघ, रंकाळ्यावर फिरायला गेलीस तर तिथनं बघ. किती वाजता उगवला, कुठल्या झाडावर होता, तुझं मन त्या दिवशी कसं होतं, एवढंच वहीत लिही. ढगांमुळं दिसला नाही तर तेही लिही. असे तीन महिने केलेस की विक्काचा निम्मा पाया तुझ्याजवळ आला. अशा वहीला ते "बुक ऑफ शॅडोज" म्हणतात आणि प्रत्येकाची वेगळी असते. तिच्यात आपण काय मागितलं आणि खरंच काय झालं, हे दोन्ही लिहायचं. जे घडलं नाही तेही खोडायचं नाही. आणि मराठीत लिही. आईच्या हाती पडली तर तिला वाचता येऊ दे.

वनस्पतींबाबत मात्र मी कडक बोलणार आहे. युरोपातल्या जुन्या चेटकाच्या गोष्टींत ज्या वनस्पती येतात त्यांतल्या काही जहरी आहेत, आणि त्यांचा भाऊबंद धोत्रा आपल्याकडं प्रत्येक उकिरड्यावर उगवतो. धोत्रा, कण्हेर, रुई यांतलं काही पोटात घ्यायचं नाही, जाळून धूर घ्यायचा नाही. तुळस, हळद, गवती चहा, घरचा धूप पुष्कळ झाला. तो पांढऱ्या सेजचा जुडगा ऑनलाईन महागात विकतात, तो तर विक्काचा नाहीच. ती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची पवित्र वनस्पती आणि त्यांचे विधी वेगळे. पेटती मेणबत्ती कपाटाजवळ किंवा पडद्याजवळ नको, आणि ती जळत ठेवून झोपू नकोस.

आता त्या अकरा हजारांच्या बाई. देऊ नकोस, एक रुपयासुद्धा देऊ नकोस. गार्डनरच्या परंपरेत दीक्षेसाठी पैसे घेत नाहीत, तो त्यांच्यात जुना संकेत आहे. त्या परंपरेत आधी दीक्षा घेतलेलं माणूसच दुसऱ्याला दीक्षा देतं, तीन पायऱ्या असतात, मंडळाला कव्हन म्हणतात, आणि अठरा वर्षांखालच्यांना बहुतेक मंडळं घेत नाहीत. पण तेवढा एकच रस्ता नाही. १९७० नंतर एकट्यानं उपासना करणारे वाढत गेले, स्कॉट कनिंगहॅम या अमेरिकन लेखकाचं एकट्या उपासकासाठीचं पुस्तक १९८८ साली आलं, आणि आज जगातले पुष्कळसे विक्कन कुठल्याही कव्हनमध्ये नाहीत. ते स्वतःच स्वतःला दीक्षा देतात. तुला ती बाई जे विकतेय ते फुकट आहे.

आणखी एक गोष्ट, अवघड आहे पण सांगितली पाहिजे. गार्डनरच्या काही मंडळांत विवस्त्र होऊन विधी करतात, आकाश हेच वस्त्र अशा अर्थाचा शब्द त्यासाठी वापरतात. याचाच फायदा घेऊन दीक्षेच्या नावाखाली मुलींकडं फोटो मागणारे, व्हिडिओ कॉल करा म्हणणारे लोक असतात. कुणी मागितलं तर नंबर बंद कर, स्क्रीनशॉट ठेव, मला किंवा आईला दाखव आणि सायबर पोलिसांकडं जा. लाजून गप्प बसू नकोस. गप्प बसून काय होतं ते तू या आठवड्यात बघितलंस.

विधीचा अधिकार कुणाचा हा वाद या शहराला नवा नाही. १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर राजर्षी शाहूंनाच वेदोक्त मंत्र नाकारले होते. छत्रपती असून पुराणोक्तावर भागवा म्हणणारा भेटला. महाराजांनी ते मुकाट सोसलं नाही, १९२० साली वेगळं क्षात्रजगद्गुरूंचं पीठ उभं केलं. त्या गावच्या लेकीनं देवाशी बोलायला अकरा हजारांची पावती फाडावी, हे मला बघवणार नाही.

राहिली अंबाबाई. इथं मला तुला एक गंमत दाखवायची आहे. विक्काच्या वर्षचक्रात आठ सण असतात. चार सूर्याच्या टप्प्यांचे: २१ डिसेंबरच्या सुमाराची सर्वात मोठी रात्र, २१ जूनच्या सुमाराचा सर्वात मोठा दिवस, आणि मार्च-सप्टेंबरमधले दिवस-रात्र सारखे असण्याचे दोन. उरलेले चार त्यांच्या अधेमधे: फेब्रुवारीच्या सुरुवातीचा इम्बोल्क, १ मे चा बेल्टेन, १ ऑगस्टचा लामास म्हणजे पहिल्या गव्हाच्या भाकरीचा, आणि ३१ ऑक्टोबरचा साविन, पितरांचा. हे चक्र इंग्लंडच्या हवेतलं. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांपेक्षाही लहान होतो, म्हणून तिथं सूर्य परतायचा केवढा सोहळा. आपल्याकडं त्याच दिवशी अकरा तास ऊन असतं. ऑस्ट्रेलियातले विक्कन तर बरेचजण आख्खं चक्र उलटं फिरवतात, कारण त्यांचा उन्हाळा डिसेंबरात. म्हणजे जागा बघून चक्र लावायचं असतं.

आता कोल्हापूरचं बघ. किरणोत्सव कधी असतो? ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना, मग वर वर. हे दोनच काळ का? डिसेंबरातल्या सर्वात मोठ्या रात्रीच्या अलीकडं साधारण सहा आठवडे आणि पलीकडं साधारण सहा आठवडे, सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. आणि ते नेमके विक्काच्या साविन आणि इम्बोल्कच्या आसपासचे दिवस आहेत. मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर. ते बेल्टेन आणि लामासच्या जवळ. देऊळ बांधणाऱ्यांनी विक्का ऐकलं नव्हतं आणि गार्डनरला किरणोत्सव माहीत असण्याचं कारण नाही. सूर्य दोघांचा एकच, एवढाच अर्थ मी त्यातून काढते. मला तेवढाही पुरतो.

म्हणून अंबाबाईला विक्काची देवी ठरवू नकोस. परदेशात काहीजण आपल्या देवींची नावं उचलून कुठल्याही विधीत घालतात, ते मला आवडत नाही. तिची पूजा, तिचे नेम, तिची माणसं इथं आहेत. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी घेऊन त्र्यंबोलीला जाणाऱ्या बायकांबरोबर एकदा जा. पावसाचा सण, नदीची पूजा, डोक्यावर कळशी, पुढं वाद्यांचा गजर: तू मोबाईलमध्ये जे शोधतेस त्यातलं बरंच तुला त्या वाटेवर भेटेल. तुझ्या आजीनं ती वाट पुष्कळदा केली असणार. तिला विचार, ती तासभर बोलेल. विक्का वाचायचं ते आवडीनं वाच, घरातलं सोडून कुठं जायची गरज नाही.

आईनं एकदा काकूच्या दारात जावं, असं मला वाटतं. जागेचा वाद आहे तिथं राहू दे, तो कागदपत्रांनी सुटेल. पण संशयाची कुणकुण काकूला लागली असेल तर ती मनात धरून बसली असेल. तू आईबरोबर जा आणि वाटीचं तूच सांग. येत्या ३१ जानेवारीला आईला आणि आजीला घेऊन किरणोत्सवाला जा, दुपारी लवकरच निघा, गर्दी असते.

आणि जुनी वही बंद करून नवी सुरू कर. पहिल्या पानावर ती वाटी आईला सापडली ती तारीख लिही. तिच्याखाली आईला खरं सांगितलंस ती तारीख. मग चंद्र.